सात मिनिटं पुढे

मित्रांनो, मी एक जुनं पितळी घड्याळ आहे. चावीचं. आजकालच्या माझ्या भाऊबंदांना चावी म्हणजे काय हेही ठाऊक नसतं, असो. सध्या माझा मुक्काम एका स्वयंपाकघरात आहे, ओट्याच्या वरच्या भिंतीवर. शिजणाऱ्या पातेल्याची वाफ थेट माझ्या तोंडावर येते. पण तक्रार करायला मला तोंड नाही, कारण मी जिथे तीन दिवस काढून आलो तिथे ऊबही नव्हती आणि उजेडही नव्हता.

आधीच सांगून ठेवतो, मला बढाई मारायची खोड आहे. अचूक घड्याळाला ती असतेच. आजची गोष्ट मात्र बढाईची नाही. माझ्याकडे बघून बघून तीन माणसं मरणाच्या दारात जाऊन बसली होती. त्यात माझा दोष किती आणि माणसांचा किती, ते ऐकून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, तीन टेबलं आणि एक खिडकी! डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या एका घड्याळजी बाईंनी माझं एकेक चाक बसवलं. बाई हाताने हलक्या आणि जिभेने तिखट होत्या. मला बोटीवर जायचं होतं, म्हणून त्यांनी मला महिनाभर एका डुलत्या फळीवर ठेवलं. दिवसाकाठी दोन सेकंद चुकलो तरी "माझं नाक कापू नकोस" असं म्हणत पुन्हा माझं पोट उघडायच्या. त्यांच्या हातून सुटलो तेव्हा मी असा तयार झालो होतो की उलटं टांगलं तरी वेळ बरोबरच दाखवीन.

पुढची वीस-बावीस वर्षं मी एका फेरीबोटीवर काढली. खाडीच्या या काठावरून त्या काठावर, दिवसातून चौदा खेपा. बोट सुटल्यावर धावत येणारे लोक धापा टाकत मलाच बोल लावायचे, की हे मेलं पुढे आहे. स्वतःला उशीर झाला की घड्याळ पुढे! नाचता येईना अंगण वाकडं. मी मनात हसायचो. पुढे चालल्याचा आळ माझ्यावर एक दिवस खरा ठरणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

मग खाडीवर पूल झाला आणि बोट मोडीत निघाली. मी एका भंगारवाल्याच्या दुकानात, जुन्या नळांच्या आणि दिव्यांच्या ढिगात जाऊन पडलो. तीन वर्षं माझे काटे दहा वाजून वीस मिनिटांवर थांबलेले होते. मित्रांनो, घड्याळाला धूळ चालते, गंज चालतो, पण कुणी वेळच विचारू नये हे सोसवत नाही.

तिथून मला एका तरुण बाईने उचललं. ती बंदरावरच्या कचेरीत बिनतारी यंत्रावर बसायची. समुद्रातून येणारे निरोप ऐकून वहीत लिहून ठेवायचे हे तिचं काम. तिचा नवरा एका छोट्या पाणबुडीचा चालक होता. त्यांना पुढे एक मुलगी झाली. तिच्या तोंडी आई आणि बाबा होतं, तेव्हापासून मीही त्यांना आई-बाबाच म्हणतो. आईने मला घासूनपुसून लख्ख केलं, तेल घातलं आणि बाबांच्या हाती दिलं. म्हणाली, "खाली गेलात की याच्याकडे बघत जा. वर मी बसलेली असते."

ती पाणबुडी म्हणजे जाड पोलादाचा एक पोकळ गोळा होता. आत तीन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसायची. जहाजावरून तिला साखळीने पाण्यात उतरवून साखळी सोडायचे, आणि काम संपवून ती पाण्यावर आली की पुन्हा साखळीने ओढून घ्यायचे, म्हणून सगळे तिला 'कळशी' म्हणायचे. कळशी हजार मीटर खाली जायची. तिथे कायमचा काळोख. तळाचा गाळ, गाळातले किडे, बुडालेल्या तारा, असलं काय काय बघायला शास्त्रज्ञ येत आणि बाबा त्यांना नेऊन आणत. कळशीत तेव्हा दुसरं घड्याळ नव्हतं. छताच्या एका कडीला मी टांगलेला असे.

वर किती वाजता येणार, ते बाबांना निघण्याआधी सांगून जावं लागे. कळशी पाण्यावर दिसली की जहाजावरून आईला निरोप जाई आणि ती वहीत वेळ लिहून पेन्सिल खाली ठेवी. एकदा खाली एका तारेत पंखा अडकला आणि वर यायला वीस मिनिटं उशीर झाला. त्या वीस मिनिटांत आईने अर्धी पेन्सिल चावून खाल्ली. संध्याकाळी ती नुसती भांडी आपटत राहिली. बाबांनी पुष्कळ समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी खाली जाण्याआधी बाबांनी माझी काच उघडली, इकडेतिकडे पाहिलं, आणि माझा मोठा काटा सात मिनिटं पुढे सरकवला. पाच तर सगळेच ठेवतात, ते कुणाच्याही लक्षात येईल आणि दहा म्हणजे फार, असं काहीतरी ते पुटपुटले. झालं! घड्याळजी बाईंनी ज्याला दोन सेकंद चुकू दिले नाहीत, तो मी त्या दिवसापासून सरळ सरळ खोटं बोलायला लागलो.

तेव्हापासून बाबा कधी उशिरा आले नाहीत. नेहमी सांगितल्या वेळेच्या थोडे आधी. जहाजावर त्यांचं नाव झालं. लोक म्हणत, यांना बघून घड्याळ लावून घ्यावं. मी छताला टांगलेला ते ऐकायचो आणि मला हसावं की रडावं कळायचं नाही. बाबांनी हे गुपित कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. पहिल्यांदा सांगायचं राहून गेलं, मग कौतुक व्हायला लागलं, आणि मग सांगायची लाज वाटायला लागली. अशी सव्वीस वर्षं गेली.

बाबा निवृत्त झाले तेव्हा मला घरी घेऊन आले आणि एका टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवून दिलं. चार वर्षं मी कपाटातल्या लोकरी कपड्यांचा वास घेत पडून होतो. दरम्यान त्यांची मुलगी शिकली, पाणबुडी चालवायची परीक्षा पास झाली आणि त्याच कळशीवर मदतनीस म्हणून लागली. बाबा तिला चिमणी म्हणतात. तीस वर्षांची, बापाएवढी उंच, तरी चिमणीच. एक दिवस तिच्या हाती कळशीचा सगळा ताबा द्यायचं ठरलं. मुख्य चालक म्हणून तिची पहिली खेप.

त्या सकाळी बाबांनी मला कपाटातून काढलं. जहाजावर येऊन स्वतःच्या हाताने त्याच जुन्या कडीला टांगलं. चावीचे बारा वळसे दिले. मनगटावरच्या घड्याळात बघून माझे काटे लावले. आणि मग, मित्रांनो, सव्वीस वर्षांची सवय बोटांत बसलेली होती. बोटांनी माझा मोठा काटा सात मिनिटं पुढे ढकलला.

बाबा दचकल्यासारखे थांबले. चिमणी खाली वाकून दोऱ्या तपासत होती. तिच्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, सांगतायत. इतक्यात साखळीवाल्याने वरून आवाज दिला की वेळ झाली, पाहुण्यांनी बाहेर यावं. बाबांनी तोंड मिटलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि वर चढून गेले. आता कळशीत चिमणीच्या पुढ्यात विजेवरचं, आकडे दाखवणारं घड्याळ होतं. मी नुसता शुभशकुनाला टांगलेला. माझ्याकडे बघणार कोण, असं त्यांना वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं.

चिमणीबरोबर दोघे होते. एक शास्त्रज्ञ, गाळातले किडे शोधणारे. त्यांना सगळे गाळवाले सर म्हणायचे. मितभाषी माणूस. दुसरा कॅमेरावाला, अंगाने गोल आणि तोंडाने अखंड चालू. आत उतरण्याआधी खिशातलं आणि अंगावरचं सगळं एका ताटात काढून ठेवायचा नियम आहे. फोन, मनगटी घड्याळं, काड्यापेटी, काही म्हणजे काही आत न्यायचं नाही, कारण आतल्या हवेत एक ठिणगी पुरते. मी चावीवर चालतो, विजेवर नाही, म्हणून तेवढी मला सूट. ताट वर राहिलं. ठीक आठ वाजता झाकण बंद झालं.

खाली पोचायला दीड तास लागला. गाळवाल्या सरांना हवे ते किडे दिसले आणि ते लहान मुलासारखे खिडकीला नाक लावून बसले. अकराच्या सुमाराला कळशी मागे सरकत असताना काहीतरी घासल्याचा आवाज आला. कुणी तरी कधी काळी टाकून दिलेलं मासेमारीचं जाळं तळाला पडलेलं होतं, ते मागच्या पंख्यात गुंतलं. चिमणीने पंखा उलटा फिरवून पाहिला, तसं ते आणखीच आवळलं. गाळ उसळून खिडक्या आंधळ्या झाल्या. कळशी एका अंगावर कलली, कॅमेरावाला सरांच्या अंगावर जाऊन आदळला, आणि बाहेरच्या बॅटरीच्या पेटीत पाणी शिरलं. दिवे गेले. पंखा गेला. पाण्यातून वर बोलायचा बिनतारी फोन गेला. आकडेवालं घड्याळही विझलं, आणि विझताना त्यावर काय वाजले होते ते त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

अंधारात फक्त माझी टिकटिक उरली.

चिमणीचा आवाज अगदी शांत होता. अंधारात माझी कडी धरून तिने तोल सावरला. तिने हाताने खटका ओढून कळशीची लोखंडी वजनं सोडून दिली. वजनं सोडली की कळशी आपोआप वर जाते. ती गेलीही, माणूसभर उंच, आणि जाळ्याने धरून ठेवली. तिथेच तिरकी लोंबकळत राहिली.

मग तिने दोघांना सगळं सरळ सांगितलं. प्राणवायूच्या टाक्या आहेत. श्वासातून सुटणारी वाईट हवा शोषून घेणारी पूड आहे. तिघांना मिळून झाकण बंद झाल्यापासून बहात्तर तास. म्हणजे चौथ्या दिवशी सकाळी आठपर्यंत. त्याआधी वरच्यांनी आपल्याला शोधायला हवं. आपल्याला दोनच कामं आहेत, कमी श्वास घेणं आणि ठरल्या वेळी ठोकणं.

ठोकण्याचं असं होतं. बचावाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की पाणबुडी हरवली तर वरची सगळी जहाजं तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याला यंत्रं बंद करून तीन मिनिटं गप्प राहतील आणि पाण्यात सोडलेल्या मायक्रोफोनच्या कानांनी ऐकतील. एरवी जहाजांच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. खालच्यांनी नेमकं तेव्हाच पोलादावर ठोकायचं आणि बाकीचा वेळ हवा वाचवत पडून राहायचं.

चिमणीने एक जड पाना घेतला. मुठीत दाबला की मिणमिणता उजेड देणारा एक हातदिवा तिच्याजवळ होता. तो तिने माझ्या तोंडावर धरला.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं ते कुणाही घड्याळाला वाटू नये. सगळ्या काळोखात एकच उजेड, आणि तो माझ्यावर! तीन जिवांची नजर माझ्या काट्यांवर! आणि मी सात मिनिटं पुढे! माझ्यावर बारा वाजले तेव्हा वर बाराला सात कमी होते. चिमणीने मोजून दोन मिनिटं ठोकलं. टण, टण, टण. त्या वेळी वर जहाजं घरघरत होती. मग तिने पाना खाली ठेवला, तिघांनी श्वास रोखून कान दिला, आणि वर जहाजं गप्प झाली तेव्हा खाली सगळं चिडीचूप होतं.

असं दर अर्ध्या तासाला. दिवसभर, रात्रभर आणि दुसरा दिवसभर. मी ओरडून सांगणार तरी कसं? माझ्या तोंडात जीभ नाही, दोन काटे आहेत, आणि त्या काट्यांनीच सगळा घात केलेला. मी मुद्दाम मागे पडायची धडपड केली. आयुष्यभर अचूकपणाचा तोरा मिरवला, तो आता नडला. फक्त थंडी माझ्या मदतीला आली. आत हाडं गोठवणारा गारठा होता, माझं तेल घट्ट झालं आणि दिवसाला पाऊण मिनिट मी खरोखर मागे पडू लागलो. पण पाऊण मिनिटाने काय होणार? दात कोरून पोट भरत नाही.

आत तिघांची काय अवस्था होती ते सांगतो. भिंतींवरून पाणी ओघळत होतं, त्यांच्याच श्वासाचं. पंखा नव्हता म्हणून चिमणीने पूड एका चादरीवर पसरली आणि तिघं आळीपाळीने हाताने वारा घालत होते. पिण्याचं पाणी झाकणाझाकणाने. कॅमेरावाला पहिल्या दिवशी म्हणाला की आपण जाड आहोत म्हणून आपल्याला दोन माणसांची हवा लागत असेल, तरी कुणी वाईट वाटून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी त्याने विनोद करणं सोडून दिलं. ते मला सगळ्यात वाईट लक्षण वाटलं. गाळवाल्या सरांचं डोकं ठणकत होतं. मधूनच ते जागे होऊन किती वाजले विचारायचे, चिमणी माझ्यावर उजेड टाकून सांगायची, आणि तेही खोटंच असायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्यावर तीन वाजले. ठोकून झाल्यावर चिमणी बराच वेळ पाना हातात धरून बसली. ठोकायला हवा लागते, आणि शंभराच्या वर वेळा ठोकूनही वरून काही उत्तर नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, "अजून एकदा ठोकते. मग थांबू या. उरलेली हवा नुसतं पडून राहायला ठेवू."

सर चादरीवरच्या पुडीला वारा घालत राहिले. कॅमेरावाल्याने अंधारातच मान हलवली असावी. त्याचा एक हुंदका मी ऐकला. मग चिमणीने माझी चावी शोधून मला बारा वळसे दिले. स्वतःच्या बोटांत ताकद नव्हती, तरी रोजच्यासारखे पुरते बारा.

आता तेव्हा वर काय चाललं होतं ते ऐका. ते मी पाहिलेलं नाही. पुढे याच स्वयंपाकघरात इतक्या वेळा ऐकलं की पाहिल्यासारखंच झालं आहे.

बंदरावरची ती जुनी कचेरी शोधाचं ठिकाण झाली होती. आई जिथे पंचवीस-तीस वर्षं बसली, त्याच बिनतारी यंत्राशेजारी आता आई-बाबा बाकावर बसून होते. भिंतीवर एक फळा होता. शोधप्रमुख, आवाज बसलेला एक रुंद खांद्यांचा गृहस्थ, दर तासाला त्यावरचा आकडा पुसून एकाने कमी करून लिहायचा. किती तासांची हवा उरली तो आकडा. आई फळ्याकडे पाठ करून बसायची. बाहेर वार्ताहर जमले होते आणि जाणकार म्हणवणारे लोक सांगत होते, कुणी शंभरात दहा आशा, कुणी शंभरात एक. तळापर्यंत जाऊन जाळं कापू शकणारं, माणूस नसलेलं एक यंत्र दुसऱ्या जहाजावरून त्याच सकाळी येऊन पोचलं होतं. पण त्याच्या दिव्याला चार-पाच हातांपलीकडे दिसत नाही. कळशी तळाशी कुठवर सरकली होती ते वर कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा एवढ्या मोठ्या समुद्रात त्याने बघायचं कुठे? आधी आवाज हवा होता.

दर अर्ध्या तासाला कचेरीतलेही सगळे गप्प व्हायचे, जणू इथल्या बोलण्याचा तिथे अडथळा होईल. तीन मिनिटांनी जहाजांवरून एकामागून एक तेच उत्तर यायचं, काही नाही. ऐकणारे हळूहळू म्हणायला लागले होते की खाली ठोकणारं कुणी उरलेलं नसावं. बाबा दोन दिवस त्यांच्यावर चिडत होते. तुमचे कान तपासून घ्या म्हणाले. माझी पोर वेळेची पक्की आहे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनची शांतता संपली आणि पुन्हा तेच उत्तर आलं. कुणीतरी बाबांच्या हातात चहा दिला. आई कुणाकडेही न बघता म्हणाली, "ती ठोकतेच आहे. आणि वेळेवरच ठोकतेय. तुमच्या घड्याळावर गेलीय ती."

बाबा चहा पिता पिता थांबले. कप तसाच हातात धरून उभे राहिले आणि शोधप्रमुखापुढे गेले. त्यांचा चेहरा असा झाला होता की आईला वाटलं, यांना काहीतरी होतंय.

"वीज गेल्यावर आतलं आकडेवालं घड्याळ बंद पडलं असणार," बाबा म्हणाले. "मनगटावरची वर ताटात आहेत. म्हणजे तिच्यापाशी फक्त माझं घड्याळ आहे."

"बरं, मग?"

"ते सात मिनिटं पुढे आहे. मीच ठेवलंय. सव्वीस वर्षं तसंच ठेवत आलोय."

अर्ध्या तासाची वेळ झालेली नव्हती, तरी खोली गप्प झाली. ज्यांना बघून लोक घड्याळ लावायचे तो माणूस मान खाली घालून उभा होता. शोधप्रमुख रागावला नाही. त्याने फक्त विचारलं, नक्की सात का. बाबा म्हणाले की सात, पण थंडीत ते थोडं मागे पडतं, तेव्हा दहा मिनिटं आधीपासून सगळ्यांना गप्प करा. मित्रांनो, माझी थंडीतली खोडसुद्धा त्या माणसाला पाठ होती. फक्त तोंडाने सांगायचं तेवढं राहिलं होतं.

तीन वाजून वीस मिनिटांनी सगळी जहाजं गप्प झाली. खाली चिमणीने माझ्यावर उजेड धरला. साडेतीन व्हायला चार मिनिटं होती, तीन, दोन. वर खरे तीन वाजून चोवीस मिनिटं होऊन गेली होती. माझ्यावर साडेतीन वाजले आणि तिने शेवटचं म्हणून पाना उचलला. टण. टण. टण. हात खाली येताना पाना दरवेळी घसरत होता.

कचेरीत यंत्रातून एका पोरगेल्या आवाजाच्या ऐकणाऱ्याचे शब्द आले, "ठोके आहेत. ठरावीक अंतराने आहेत. पुन्हा सांगतो, ठोके आहेत." आईने बाबांकडे पाहिलं नाही. जुन्या सवयीने टेबलावरचा कागद ओढला, वेळ लिहिली आणि मग कागदावर डोकं ठेवून रडली.

खाली आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. चिमणी पाना ठेवून भिंतीला टेकली होती. तेवढ्यात पोलादातून एक बारीक आवाज शिरला. टिंग. मग पुन्हा, आणि पुन्हा. वरच्या जहाजाने पाण्यात सोडलेली साद होती ती. कॅमेरावाला म्हणाला, हे फक्त मलाच ऐकू येतंय का. चिमणीने उत्तर देण्याऐवजी पाना उचलून असा दणकावला की मी कडीवर गरागरा फिरलो.

तरी सुटका काही लगेच झाली नाही. तीन जहाजांनी तीन बाजूंनी ऐकून जागा पक्की करायलाच संध्याकाळ झाली. ते यंत्र दोनदा खाली आलं आणि दोनदा गाळात चुकलं. दरम्यान पूड निकामी होत चालली, सर हाका मारूनही जागे होईनात, आणि चिमणी त्यांच्या तोंडाशी हाताने वारा घालत एकेक आकडा मोजत राहिली. अखेर खिडकीबाहेर पांढरा उजेड आला. दोन लोखंडी चिमटे जाळ्याचा एकेक धागा कापताना दिसत होते. इतक्या सावकाश, की मला माझी टिकटिक नकोशी झाली. शेवटचा दोर तुटला आणि कळशी बुचासारखी वर सुटली.

चौथ्या दिवशी पहाटे झाकण उघडलं तेव्हा दोन तासांचीही हवा उरलेली नव्हती. गाळवाले सर वाचले, पण दोन महिने इस्पितळात होते, आणि अजून मधूनच त्यांना शब्द आठवत नाहीत. ते पुन्हा कधी खाली गेले नाहीत. कॅमेरावाला आता लिफ्टमध्येही चढत नाही, चार मजले जिन्याने जातो आणि बारीक झालो म्हणून सगळ्यांना सांगतो.

चिमणी घरी आली त्या दिवसाचं सांगतो. बाबांनी मला टेबलावर ठेवलं होतं आणि ते समोर बसून होते. माफी कशी मागायची ते त्यांना येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "मी तुला त्या दिवशी सांगणार होतो गं. तुझ्या आईला वाट बघावी लागू नये, एवढ्यासाठीच केलं होतं ते."

चिमणी काही बोलायच्या आत आई ओट्यापाशीच वळली. तिच्या हातात डाव होता. ती म्हणाली, "तुम्ही आधी यायला लागलात ना, तेव्हा मीही आधीपासून वाट बघायला लागले. कधी सात मिनिटं, कधी दहा. माझी वाट बघायची कुठे कमी झाली?"

बाबांनी मला चिमणीपुढे सरकवलं. सव्वीस वर्षांचं ते सगळं खोटं बोलणं, आणि त्याचा तिला एका मिनिटाचाही उपयोग झाला नव्हता! मग चिमणीने माझी काच उघडली. बाबांचा हात धरून माझ्या मोठ्या काट्यावर ठेवला, आणि दोघांनी मिळून तो मागे आणला. थंडीने मागे पाडलेलं जमेस धरून पाच मिनिटांच्या आसपास. घड्याळजी बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आलास एकदाचा शुद्धीवर.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही. मी आपलं एक जुनं घड्याळ. मला तेल घाला, चावी द्या, धूळ पुसा, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. तुम्ही कुणासाठी काळजीपोटी काही लपवून ठेवलं असेल, मग ते घड्याळाचे काटे असोत नाहीतर दुसरं काही, तर घरात निदान एकाला सांगून ठेवा. वाट बघणाऱ्याला उशीर सोसतो. खोटी वेळ सोसत नाही.

कळशी दुरुस्त झाली आहे. उद्या सकाळी आठला चिमणी पुन्हा खाली जाणार आहे, आणि मला बरोबर नेणार आहे. आता झाकण लावण्याआधी एकाने वर आणि एकाने खाली वेळ मोठ्याने वाचून दाखवायची, असा नवा नियम झाला आहे. नियम असला तरी मला भीती वाटते आहे, ते काही लपवत नाही. बाबा मघापासून या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारतायत. आई आत्ताच येऊन मला चावी देऊन गेली. बारा वळसे. वेळ बरोबर आहे का ते तिने दोनदा पाहिलं.